बँड समोरून

रंगनाथने तो कार्यक्रम पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीत बसून पाहिला. छे, असं काही झालंच नाही. त्याची जागा होती स्टेजच्या मागे, जनरेटरपाशी. तिथे स्वतःची शिंक ऐकू येत नाही, गाणं कुठून येणार?

साल दोन हजार चार. दोह्यात थंडीतला संगीत महोत्सव आणि त्यात अमेरिकेहून आलेला, सोल नावाचं तिकडचं संगीत वाजवणारा बँड. माणसं नऊ, त्यांतली तीन पितळी वाद्यांवर, आणि पुढे जांभळ्या सुटातला साठीचा गायक. रंगनाथ जनरेटरवरचा इलेक्ट्रिशियन. पण कतारला येण्याआधी अकरा वर्षं तो बार्शीत एका ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट फुंकत होता. वराती केल्या सहाशे, बँड पाहिला नाही एकही. वाजवणाऱ्याला दिसतं काय? पुढच्याची पाठ आणि नाचणारे मावसभाऊ. बायकोने, बबीताने, एकदा विचारलं होतं की तुमचा बँड समोरून दिसतो कसा. त्याला सांगता आलं नव्हतं. आयुष्यात एकदा बसून, समोरून बँड बघायचा, एवढीच त्याची इच्छा होती.

फोरमन शहजादभाई रत्नागिरीचा. रंगनाथने त्याच्याकडे दहा मिनिटं मागितली, तर त्याने आधी शांतपणे चहा संपवला.

"रंगनाथराव, आज सरकारी पाहुणे आहेत. एक दिवा जरी लुकलुकला, तर मी तुला स्वतः बार्शीला पोचवून येईन."

विषय खलास. रंगनाथ मागे जाऊन बसला. दर अर्ध्या तासाने केबल तपासत स्टेजच्या बाजूच्या जिन्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. तिसऱ्या फेरीला पडद्याची फट दिसली आणि त्याने डोळा लावला. नऊ पाठी दिसल्या. तेवढ्यात गायकाचे शब्द तुटले, तो धाडकन गुडघ्यांवर कोसळला आणि मान गरागरा फिरवत घुमू लागला. सगळं अंग थरथरत होतं. मदतीला कुणी हललं नाही. उलट बाकीच्यांनी वाजवण्याची लय वाढवली.

रंगनाथ काय समजायचं ते समजला. देव अंगात आल्यावर वाद्य थांबवायचं नसतं, हे पथ्य अमेरिकेतही पाळतात, याचं त्याला कौतुक वाटलं. पण देवापुढे लिंबू ठेवायला, देवाला विचारायला कुणीच नाही? एवढा मोठा बँड आणि एक जाणता माणूस बरोबर आणू नये? त्याने डब्यातलं लिंबू काढलं. जेवताना अर्धं पिळून झालं होतं. अर्धं लिंबू देवाला चालतं का, याबद्दल शास्त्र काही बोलत नाही.

तो स्टेजवर गेला, लिंबू पुढे ठेवलं आणि खांद्यावरचा टॉवेल गायकाच्या पाठीवर घातला. आता खरी गोष्ट अशी की, हे कोसळणं त्या गायकाचं रोजचं काम होतं. त्याच्या खांद्यांवर चमचमता झगा घालायला पगारी माणूस होता. तो झगा घेऊन निघालाच होता, पण जागा भरलेली पाहून तिथेच थांबला.

गायकाने उसळून टॉवेल झुगारला. मैदानात टाळ्या. रंगनाथने पुन्हा घातला. पुन्हा झुगारला. तिसऱ्यांदा रंगनाथने हात जोडले आणि गायकाने, चाळीस वर्षांच्या सवयीने, माईक त्याच्या तोंडापुढे धरला.

"देवा, कोण तू? काय पायजे तुला?"

सगळ्या मैदानाने ऐकलं. पार मागे, कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हर-सुतार मंडळींनी चपला काढल्या.

गायकाला एकही शब्द कळला नाही. त्याने इंग्रजीत उलट विचारलं, की बाबा रे, तुलाच काय हवंय? एवढं इंग्रजी रंगनाथला येत होतं. आणि प्रसन्न झालेला देव असंच विचारतो, हेही त्याला ठाऊक होतं.

"एकदा समोरून बघायचंय."

शहजादभाई त्याला ओढून न्यायला धावत वर आला होता, तो माईकसमोर सापडला. सरकारी पाहुण्यांदेखत त्याला भाषांतर करावं लागलं. त्याने ते चोख केलं, गावी बायको विचारते हेसुद्धा त्यात घातलं. मग गायकाने रंगनाथचा हात धरून जिन्यावरून खाली नेलं आणि न आलेल्या एका प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं. शहजादभाई त्याच्या जागी जनरेटरवर गेला.

चाळीस मिनिटं. ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगायचे आणि मग त्यातल्या सुराने अख्खं मैदान भरून जायचं. तिघे एकदम वाकायचे, एकदम उठायचे. कुणाची वरात नव्हती, कुठे पोचायचं नव्हतं. रंगनाथच्या डोळ्यांना धार लागली. ती लिंबाने लागली आहे, असं तो शेजारी बसलेल्या, वकिलातीतल्या बाईंना खुणेने सांगत होता.

जनरेटर बंद झाल्यावर तो मागे गेला. कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या शहजादभाईपुढे वाकायला लागला.

"खलास, नाटक पुरे. कसा दिसतो बँड?"

"शहजादभाई," रंगनाथ म्हणाला, "सगळ्यांना तोंडं असतात."

शहजादभाईने मान वळवून बराच वेळ डिझेलचा काटा पाहिला.

कंपनीने लेखी खुलासा मागवला. रंगनाथने मराठीत सांगितला, शहजादभाईने इंग्रजीत टाइप केला आणि खाली स्वतःचीही सही केली. त्यात गायक, वादक, फोरमन, आणि गैरहजर राहिल्याबद्दल प्रमुख पाहुणे, या सर्वांचे क्रमाने आभार होते. शेवटचा परिच्छेद असा: "तरी माननीय व्यवस्थापक महोदयांस नम्र विनंती की, सदर गायकाच्या अंगात यापुढे दरवर्षी, शक्यतो शुक्रवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच यावे, असा आदेश संबंधित देवास आपल्या स्तरावरून देण्यात यावा."