येऊ नका

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि बॅटरी फुगल्यामुळे पाठ थोडी वर आली आहे. मी ज्या घरात राहतो तिथे एका पत्राचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. माझे आयुष्य त्या उत्तरापाशी येऊन अडले, म्हणून तेच सांगतो.

पत्र अक्कांचे होते. आमच्या बाबांची ही मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच बाबांना वाढवले, त्यामुळे म्हातारपणीही बाबा तिला ‘अहो अक्का’च म्हणत. अक्कांनी लिहिले होते, ‘बाळ्या, हे घर विकायला काढले आहे. मला आश्रमात ठेवायचे चालले आहे. तुझ्याकडे येऊ का? एका खाटेपुरती जागा पुरे. लवकर कळव.’ बाबांनी ते पत्र मुलासमोर ठेवले, कारण घर मुलाचे. मुलगा म्हणाला, “बघू.” बाबा रोज कागद घेऊन बसत, ‘ती. अक्कांस’ एवढे लिहीत आणि थांबत. मुलाचे ते ‘बघू’ काही संपत नव्हते.

मी मूळचा या मुलाचा. नवा होतो तेव्हा त्याच्या मित्रांनी मला हातोहात फिरवले. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता आणि बाबा गावाकडे कपडे शिवत. ‘दोन दिवस भेटायला येऊ का?’ असे ते विचारत. मुलगा माझ्यावर लिही, ‘आत्ता येऊ नका.’ ‘खोली लहान आहे, येऊ नका.’ एकदा तो तापाने फणफणला होता, तरी लिहिले, ‘बरा आहे, येऊ नका.’ मित्रांनो, आम्ही फोन मालकाच्या बोटांकडून भाषा शिकतो. त्याने ‘येऊ’ लिहिले की मी ‘नका’ आधीच पुढे करू लागलो. तो खूश होऊन म्हणाला, “साला, मनातलं ओळखतो!” एवढे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

मग नवा फोन आला आणि मी खणात गेलो. तिथे मेलेले सेल, चार्जरच्या वायरी आणि कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या होत्या. मला बाहेर काढले ते बाबांच्या आजारपणामुळे. त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. मुलाने त्यांना स्वतःकडे आणून स्वयंपाकघरामागची खोली दिली. आता ते अक्कांकडे जायचे असे कागदावर लिहून सांगू लागले. तेव्हा मुलगा आणि अक्कांचा मुलगा यांनी मिळून दोघांना एकेक हेडसेट घेऊन दिला. डोळ्यांवर चढवला की एक खोटी खोली दिसे, तिथे दोन खुर्च्या आणि खुर्च्यांवर दोघांच्या बाहुल्या. मुलगा म्हणाला, “घ्या, रोज भेटा. आता गाडीचा त्रास नको आणि आमची रजाही नको.”

पण बाबांनी बोलायचे कसे? हातातली कांडी रोखून हवेतले एकेक अक्षर टिपावे लागे. नेम चुके. ‘अक्का’ लिहायला गेले की ‘अडका’ होई.

“कुठं अडकू रे?” अक्का हसत. “हात काय वारतोस? माश्या आहेत का तुझ्याकडं?”

मुलगाही बघून वैतागला. “बाबा, शेजारी हसतात खिडकीतून,” असे म्हणत त्याने मला खणातून काढले आणि हेडसेटशी जोडून दिले. आता बाबांनी मला मांडीवर धरून लिहायचे आणि माझे लिहिणे त्या खोलीत उमटायचे. अक्कांची नजर अधू, म्हणून ते मोठ्याने वाचूनही दाखवले जाई. पहिल्याच दिवशी यंत्राचा तो स्वच्छ पुरुषी आवाज ऐकून अक्का चपापल्या. “अगं बाई, आवाज आला की रे तुला!”

हेडसेटमध्ये बाबांचा चष्मा मावत नसे, त्यामुळे अक्षरे धूसर दिसत. पण उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. बोटांनी माझ्यावरच्या अक्षरांच्या जागा ओळखल्या. दोन अक्षरे लिहायची, वरच्या पट्टीवर मी सुचवलेला शब्द दाबायचा, मग निरोप पाठवायची कडेची कळ. ‘जेव’ला ‘जेवलात का’, ‘झो’ला ‘झोप लागली’. मी चुकत नसे. उठताना बाबा मला सदऱ्याच्या टोकाने पुसत. मला वाटले, माझे दिवस फिरले.

पत्र येऊन काही दिवस झाले होते. एका संध्याकाळी अक्कांनी सरळच विचारले. “बाळ्या, पत्र मिळालं ना? उद्या सामान हलवणार आहेत. मी येऊ का तुझ्याकडं?”

बाबांचे हात थांबले. मुलगा बाहेर टीव्हीवर काहीतरी बघत होता. पहिल्यांदाच बाबांनी त्याच्या ‘बघू’ची वाट पाहिली नाही. त्यांना लिहायचे होते, ‘येऊन राहा.’ त्यांनी ‘येऊ’ लिहिले, पट्टी दाबली, कळ दाबली.

“येऊ नका,” तो स्वच्छ आवाज म्हणाला.

अक्का म्हणाल्या, “बरं. सुखात राहा.” आणि त्यांनी हेडसेट काढला. आतली त्यांची बाहुली मान टाकून खुर्चीवर तशीच राहिली. बाबा माझ्यावर बोटे आपटत होते, तोंड उघडून ओरडत होते, पण त्यांच्या घशातून वाऱ्यापलीकडे काही निघाले नाही.

मुलगा दारात उभा होता. “बरं झालं, तुम्हीच सांगितलंत. मला वाईटपणा घ्यावा लागला नाही.”

बाबांनी कागदावर लिहून दाखवले, ‘चूक झाली. तिला फोन कर.’

“एकदा कळवलंय ना? आता म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा कशाला गोंधळात टाकायचं?”

पुढे अक्कांनी हेडसेट लावला नाही. बाबा रोज त्या बाहुलीसमोर जाऊन बसत. शेवटी त्यांनी कागद घेतला आणि या वेळी पत्र पुरे केले, ‘ती. अक्कांस, मी तसे म्हटले नव्हते. निघून या. माझी खाट तुमची.’

मित्रांनो, आम्हाला दुसऱ्याच्या हाती देण्याआधी आमच्यातले तुमचे शब्द पुसत जा. काच तडकली तर बदलता येते. तुम्ही लावलेली सवय मात्र आम्ही मुकाट्याने पुढच्या माणसाच्या बोटांखाली ठेवतो.

मुलाचे खाते अजून माझ्यात उघडेच आहे. बाबा पाकिटावर पत्ता लिहीत होते तेव्हा माझ्यावर त्यांच्या भाच्याचा निरोप उजळला, ‘आईला आश्रमात सोडून आलो. घराच्या किल्ल्याही दिल्या. मामांना नवा पत्ता देऊ नकोस, उगाच लिहीत बसतील.’ त्यावर मुलाने अंगठा पाठवला. बाबांनी वर मुलाचे नाव पाहिले आणि पुढे न वाचता मला पालथे केले. दुसऱ्याचे टपाल वाचू नये, असे त्यांना अक्कांनीच लहानपणी शिकवले होते.

मग त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकले, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि जुन्या घराच्या पत्त्यावरचे पत्र आत सोडले.