यल्लप्पाची हाक मी ऐकली होती

मी सायकल बोलतेय. तुमच्या मनात आली असेल ती दूधवाल्याची काळी, उंच, मागे कॅरिअर असलेली. ती मी नव्हे. मी जाड टायरची, सरळ हँडलची, अठरा गिअरची, रानावनात हिंडण्यासाठी घडवलेली. माझी चाकं आता बसली आहेत, साखळीला गंज धरलाय आणि स्वतःचं कौतुक सांगण्याची हौस तर कधीच फिटली. पण एका माणसाच्या बाजूने मला एक साक्ष द्यायची होती. सायकलीला साक्षीला कोण बोलावतो? तेव्हा इथेच सांगते.

माझा सांगाडा लुधियानाच्या एका कारखान्यात तयार झाला. खोक्यात सुटी सुटी होऊन मी हुबळीला आले. १९९६ साली पुंडलिकशेठच्या दुकानात मारुती मिस्त्रीने मला जोडलं. त्याचा माझ्यावर पहिल्यापासून राग. "एवढ्या तारा, एवढे दाते! बिघडलं तर कुणी बघायचं?" असं पुटपुटत तो नट आवळायचा. चार महिने मी दुकानात उभी होते. गिऱ्हाइकं यायची, गिअरचे खटके वाजवून बघायची आणि साधी सायकल घेऊन जायची. माणसांची ही खोड मला तिथेच कळली. हात लावायला त्यांना नवल लागतं, घरी न्यायला सवयीचंच हवं असतं.

मग एके दिवशी प्रभंजन आला. गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर काम करायचा. बरोबर त्याची थोरली बहीण अंबूताई होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. आईवडील लवकर गेल्यामुळे बारा वर्षांनी धाकट्या या भावाला तिनेच वाढवलं होतं. धारवाडला सप्तापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत ही दोघं राहत.

"ह्याला कॅरिअर कुठाय? चेनला झाकण कुठाय?" अंबूताईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "पँटचे काळे पाय मीच घासत बसू काय?"

"अक्का, ही बाजाराला न्यायची नव्हे गं. रानात जायला."

"रानात काय ठेवलंय तुझं?"

"ताई, ही साधी घ्या की," पुंडलिकशेठ मध्ये पडले. "तुमच्या नातवंडांपर्यंत चालते बघा."

प्रभंजनने वाद घातला नाही. माझ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून त्याने उंची मापली, मागचं चाक उचलून गरकन फिरवलं आणि त्याचा आवाज कान देऊन ऐकला. मग ब्रेक दाबून सगळा भार माझ्यावर टाकला. "हीच," तो म्हणाला. त्या एका शब्दाने मी त्याची झाले.

आठवड्याच्या आत त्याने वर्कशॉपमध्ये स्वतः दाते पाडून मागे एक मोठी चकती बसवली. कारखान्याने दिलेली चढाला कमी पडत होती. टायरमध्ये तो हवा थोडी कमीच ठेवायचा. "कडक हवा दगडावरनं उडवते, मऊ असली की धरून चालते," असं अंबूताईंना समजावून सांगायचा. त्या ऐकून घ्यायच्या आणि तो उंबऱ्याबाहेर पडला की न चुकता म्हणायच्या, "हळू रे."

हा शब्द त्या घरात दिवसातून वीस वेळा निघायचा. चहा गरम असला की हळू, स्टुलावर चढला की हळू, माझ्यावर बसला की हळूच हळू. प्रभंजन मागे न बघता डावा हात वर करायचा आणि म्हणायचा, "होय की." वेग मात्र रतीभरही कमी करायचा नाही. त्या शब्दाचा अर्थ त्याच्या कानात कधीच झिजून गेला होता; उरली होती ती फक्त अक्काची माया.

आमची वाट धारवाडच्या पश्चिमेची. गाव संपलं की तांबडी माती लागते, गायरान लागतं, मग सागाची रोपं, मग एक लांब उतार आणि उताराच्या तळाशी ओढा. ओढ्यात उतरायला आणि पलीकडे चढायला बैलगाडीने पाडलेला उतरता रस्ता होता. पलीकडची जमीन यल्लप्पाची. यल्लप्पा कानडी माणूस, मराठी त्याला अजिबात येत नसे. ओढ्याला तो त्याच्या भाषेत 'हळ्ळ' म्हणायचा. पहिल्या दिवशीच त्याने प्रभंजनला अडवून तीन अटी घातल्या होत्या. हळ्ळ ओलांडलं की सायकलवरून उतरायचं, बांधावरून चालत जायचं आणि काट्यांच्या फांद्यांचं फाटक जसं होतं तसं परत लावायचं. प्रभंजनने त्या अटी तीन वर्षं पाळल्या. यल्लप्पाची बायको गंगव्वा त्याच्या खिशात ओल्या भुईमुगाच्या शेंगा कोंबायची. ती वाट कुठल्या कागदावर नव्हती, या शेंगांवर आणि फाटकावर चालली होती.

मग हुबळीहून इतरही येऊ लागले. श्रीनिधी नावाचा प्रभंजनचा एक मित्र दर रविवारी चारपाच जणांना घेऊन यायचा. नव्या सायकली, नवा उत्साह. नोव्हेंबर १९९९ मधल्या एका रविवारी प्रभंजनला कामावरून सुटका नव्हती, म्हणून ते त्याच्याशिवाय गेले. फाटक उघडं राहिलं. यल्लप्पाची दुभती गाय ज्वारीत शिरली. कोवळी ज्वारी गुरांना बाधते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण सायकलवाल्यांना कुठून ठाऊक? दुपारपर्यंत गाय पोट फुगून मेली. परत येताना ते सगळे तिथेच यल्लप्पाच्या तावडीत सापडले. "पुन्हा इकडं चाक फिरवलंत तर मोडून ठेवीन," असं तो ओरडला. आणि सोमवारी त्याने कुदळ घेऊन ओढ्याचा उतरता रस्ता तोडला. दोन्ही काठ सरळ कापले, पुरुषभर खोल.

श्रीनिधीने यातलं अवाक्षरही प्रभंजनला कळवलं नाही. लाज वाटली असेल. माझा या माणसावर अजून राग आहे.

बुधवारी प्रभंजन कामावरून लवकर सुटला. दारात अंबूताईंनी नेहमीचं म्हटलं, त्याने नेहमीसारखा हात वर केला. ऊन उतरणीला लागलं होतं. लांब उतारावर त्याने मला मोकळं सोडलं. तो उतार त्याच्या पायांना तोंडपाठ होता.

पलीकडच्या बांधावर यल्लप्पा गवत कापत होता. आम्हाला पाहताच त्याने विळा टाकला आणि दोन्ही हात वर करून ओढ्याकडे धावत सुटला. "हळ्ळ! हळ्ळ!" त्याचा गळा फाटेल अशा आवाजात तो ओरडत होता. मी ते स्पष्ट ऐकलं. ओढ्याचा रस्ता तुटलाय, पुढे जमीन नाही, हे त्याला सांगायचं होतं आणि एका शब्दापलीकडे बोलायला वेळ नव्हता.

प्रभंजन हसला. वाऱ्यात त्याला त्या हाकेत आयुष्यभर ऐकलेला शब्द ऐकू आला. त्याने डावा हात हँडलवरून उचलला, वर केला आणि म्हणाला, "होय की." पुढच्या क्षणी माझ्या पुढच्या चाकाखाली काहीच नव्हतं.

पुढचं चाक धरणारा माझा काटा वाकला. प्रभंजनचं डोकं दगडावर आपटलं. यल्लप्पाने त्याला खांद्यावर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पळवलं. मी ओढ्यात पडून होते.

पुढचं मला अंबूताईंनीच सांगितलं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी प्रभंजन थोडा शुद्धीवर आला होता. ओठांतल्या ओठांत म्हणाला, "अक्का, यल्लप्पापण मला हळू हळू म्हणत होता बघ. तुझ्यासारखंच." आणि हसायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

अंबूताई जन्मभर दोन्ही भाषांत वावरलेल्या. यल्लप्पाला मराठी येत नाही हे त्यांना माहीत होतं. तो काय ओरडला असेल आणि भावाने काय ऐकलं असेल, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

गुन्हा दाखल झाला. यल्लप्पाने काठ तोडला होता, ती चूक त्याची होतीच आणि ती त्याने कबूलही केली. पण लोकांचं म्हणणं वेगळंच होतं. पोराला येताना बघूनही हा गप्प उभा राहिला, म्हणे. श्रीनिधीने कोर्टात त्याची धमकी शब्दशः सांगितली. यल्लप्पा पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिला, "मी ओरडलो." बांधावर दुसरं कुणी नव्हतं. अंबूताईंना विचारलं गेलं, "भाऊ जाण्याआधी काही बोलला का?"

त्या म्हणाल्या, "नाही."

यल्लप्पाला दीड वर्षाची सजा झाली. त्या संध्याकाळी अंबूताई मागच्या पडवीत माझ्यापाशी आल्या. कुणीतरी मला ओढ्यातून आणून तिथे टेकवलं होतं. ओल्या फडक्याने माझी माती पुसत त्या रडत होत्या. "काय सांगू गं मी त्यांना? माझ्याच 'हळू'ने त्याचा कान मारून टाकला म्हणून सांगू?" मला त्यांची दया आली. चीडही आली. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी त्यांना कोर्टात परत पाठवलं असतं.

मग पडवीत वर्षं गेली. काटा वाकलेलाच राहिला. माझ्यावर आधी गोणपाट आलं, मग जुन्या वह्यांचे गठ्ठे आले. अंबूताईंनी घरात तो शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही. शेजारच्या अर्चनाबाईंचं मूल जिन्यावर चढताना दिसलं तर त्या नुसता हात पुढे करायच्या.

२००७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. एका सकाळी त्यांनी वह्या बाजूला केल्या, मला बाहेर काढलं आणि हाताने ढकलत निघाल्या. वाकड्या काट्यामुळे मी सारखी डावीकडे ओढत होते. गायरानात आता प्लॉट पडले होते. दगड रोवलेले, मध्ये भिंत. "ह्या वाटेनं जायला नाही," रखवालदार म्हणाला. म्हणून त्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून दोन तास चालल्या.

यल्लप्पा दारात शेंगा फोडत बसला होता. खूप म्हातारा दिसत होता. अंबूताई बसल्या नाहीत. कानडीत म्हणाल्या, "तुम्ही ओरडला होता. त्याला ऐकू गेलं होतं, पण वेगळंच ऐकू आलं. त्याने मला सांगितलं होतं."

"केव्हा सांगितलं?"

"दवाखान्यात."

यल्लप्पाचे हात थांबले. "म्हणजे आठ वर्षं झाली."

"होय."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "सजेचं जाऊ द्या, अक्का. काठ मी तोडला होता, मी भोगलं. गावानं तोंड फिरवलं, तेही सोसलं. पण गंगव्वा चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, आता तरी खरं सांगा, ओरडला होता काय? मी होय म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं."

अंबूताईंनी हात जोडले. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या मला तिथेच सोडून गेल्या. तिथून पुन्हा मला ढकलत नेण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी यल्लप्पाच्या भिंतीला टेकून आहे. त्याने मला भंगारात घातलं नाही आणि घरातही घेतलं नाही. तुम्हाला एवढंच सांगते. कुणाच्या बाजूचं खरं तुमच्याजवळ असेल, तर ते आपल्या दुःखाखाली दडपून ठेवू नका. कुणीतरी त्याची वाट पाहत आजारी पडलेलं असतं.

कधीकधी यल्लप्पा येतो आणि माझ्या फाटक्या सीटवर हात ठेवतो. "तू तर होतीस तिथं," असं त्याच्या भाषेत म्हणतो. होते, यल्लप्पा. मी सगळं ऐकलं होतं. पण जिला ते ऐकायचं होतं, ती आता नाही.