किरमिजी अचकन

"भिया, हात सोडा! दांडी पकडून पळाल तर घाम मशीनला येईल, तुम्हाला नाही," कुशल ओरडला.

गणोजींनी ट्रेडमिलची दांडी सोडली. मिनिटभर जीव खाऊन पळायचं, मग दम खात चालायचं, की पुन्हा पळायचं, असा तो प्रकार. देवासच्या त्या जिममध्ये बाकीची पोरं आरशात आपले दंड बघण्यात गुंग असायची, आणि त्यांच्यामध्ये वीज कार्यालयातला हा पन्नाशी उलटलेला बाबू ढगळ बनियन घालून तोंडानं श्वास घेत पळायचा. आधी पोट पुढे जायचं, मग मागून गणोजी.

"काटा तर हलूनच नाही राहिला रे," उतरल्यावर ते म्हणाले.

"काटे पे मत जाओ भिया. चरबी गळते, ताकद चढते, वजन वहीं का वहीं. अंगात कपडा घालून बघा. कपडा झूठ नहीं बोलता."

गणोजींना हे एकदम पटलं, कारण हा सगळा खटाटोप एका कपड्यासाठीच चालला होता.

त्यांच्या घराण्याची दसऱ्याची शस्त्रपूजा धारला होत असे. घरातल्या थोरल्यानं किरमिजी अचकन घालून शस्त्रांवर मोरपिसांचं मोरचेल ढाळायचं. ही अचकन पणजोबांना दरबारातून मिळालेली. तिची शिवण उसवायची नाही, तिला शिंप्याचा हात लावायचा नाही; ज्याच्या अंगात ती बसेल त्याचा मान, अशी रीत. वडिलांनी ती शेवटपर्यंत घातली. ते गेल्यावर मागच्या दसऱ्याला गणोजींची पाळी आली, तर बटणं एकीकडे, काजं एकीकडे आणि मध्ये वीतभर पोट. वरून शेला पांघरून त्यांनी वेळ मारून नेली. भाऊबंद तोंडावर हात ठेवून हसले. आत्यासाहेब उमाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पुढच्या वर्षी बटणं लागली नाहीत, तर यशराज घालील," एवढंच त्या म्हणाल्या.

यशराज हा धाकटा चुलतभाऊ. सडपातळ, लाघवी, दादा दादा करणारा. त्याच्याविषयी तक्रार करायलाही काही सापडत नसे, हे आणखीनच वाईट.

गणोजींच्या वाट्याला आयुष्यात मान असा हा एकच यायचा होता. कार्यालयात त्यांना सगळे 'बडे बाबू' म्हणत, ते हुद्द्यावरून नव्हे, घेरावरून. म्हणून होळी झाली आणि त्यांनी जिम लावली.

त्यांची बायको, पद्माराजे, रोज सकाळी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवायची आणि त्यांच्याकडे निरखून बघत म्हणायची, "उतरलं बरं का पोट. चेहराच सांगून राहिला." ते एक वाक्य ऐकलं की गणोजींच्या पायांत दिवसभराचं बळ यायचं. फक्त जेठातल्या एका दिवशी ते जिममधून परतले आणि दारातल्या पायरीवरच बसले. तोंडातून शब्द फुटेना. पद्मानं वर्तमानपत्रानं वारा घातला.

"जाऊ द्या ना तो मान," ती म्हणाली. "यशराज काय परका आहे?"

"परका नाही, म्हणूनच," ते धापा टाकत म्हणाले.

आणि गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी पद्मानं मलमलीतून अचकन काढून त्यांच्या अंगावर चढवली. वरचं बटण लागलं. त्याखालचं लागलं. पोटावरचंही लागलं! श्वास रोखायची गरज पडली नाही.

"लागलं! पद्मा, लागलं!" गणोजी आरशासमोर पोरासारखे रडले. पद्माही डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिममध्ये पेढे वाटले, जिथं पेढ्याकडे बघायचीही चोरी. कुशलनं त्यांना मिठी मारली. कार्यालयात कुणी विचारो न विचारो, बडे बाबू सांगत सुटले, "मी पळालो, म्हणून झालं."

दसऱ्याला ते पद्मासह सकाळीच धारला पोचले. आत्यासाहेबांच्या नव्या बंगल्याच्या गच्चीवर पूजेची मांडामांड चालली होती. अचकन घालून, मोरचेल हातात घेऊन गणोजी उन्हात उभे राहिले तेव्हा मागच्या वर्षी हसलेले सगळे गप्प झाले. यशराजनं तर वाकून नमस्कार केला. त्याची मुलगी शिवांगी मोबाइलवर फोटो काढत होती.

"काकासाहेब, मोरचेल थोडं ऊपर! हां, बस." तिनं फोटो बघितला. "ही साइडला डार्क पट्टी कशाची येऊन राहिली? कपडा इधर से नया है क्या?"

गणोजींनी फोटो बघितला. मग हात वर करून स्वतःची कूस बघितली. विटलेल्या किरमिजी कापडात काखेपासून कमरेपर्यंत बोटभर रुंदीची गडद, ताजी पट्टी होती. कित्येक वर्षं शिवणीच्या आत दडून राहिलेलं ते कापड पहिल्यांदाच ऊन बघत होतं. दुसऱ्या कुशीलाही तसंच. दोरा कोरा करकरीत.

पायाखाली पळता पट्टा कुणी एकाएकी थांबवावा, तसं त्यांना झालं. ते खाली कोठीच्या खोलीत गेले आणि त्यांनी पद्माला हाक मारून दार लोटलं.

"हे कुणी केलं?"

पद्मानं पट्टीकडे बघितलं. ती खोटं बोलली नाही. "मी. शिंप्याचा हात नाही लागू दिला. मीच उसवलं, मीच शिवलं."

"मी पळत होतो ना?"

"तुम्ही त्या दिवशी पायरीवर बसलात... तुमची ती हालत मला पाहवली नाही हो. मला मान नको होता, तुम्ही पाहिजे होता. वाटलं, एकदाची ही बसली की पळणं थांबेल."

"म्हणजे मला जमणार नाही, हे तू तेव्हाच ठरवून टाकलंस."

पद्माची बोटं त्या ताज्या टाक्यांकडे गेली; ते मागे सरले.

"आणि रोज म्हणायचीस, उतरलं, उतरलं. मी पेढे वाटले, पद्मा! गावभर सांगत फिरलो."

भाऊबंद हसले, ते त्यांनी सोसलं होतं. काटा हलला नाही, तेही सोसलं. पण साऱ्या जगात एका माणसाच्या शब्दावर विसंबून ते पळत राहिले होते, आणि त्याच माणसानं त्यांना आतून केव्हाच बाद करून टाकलं होतं. त्यांना तिचा राग आला, भयंकर राग आला.

"सुई आहे?" त्यांनी अचकन काढून तिच्यापुढे धरली. "जशी होती तशी शिव."

"अहो, वर सगळे खोळंबले आहेत. कुणाला कळणार नाही—"

"मला कळलं आहे."

कोठीतल्या फडताळात सापडलेल्या सुईत उसवलेलाच दोरा ओवून पद्मा धान्याच्या कोठीला टेकून शिवायला बसली. मध्येच तिला दोरा दिसेनासा व्हायचा, ती पदरानं डोळे पुसायची. गणोजी बनियनवर, भिंतीकडे तोंड करून उभे होते. वरून दोनदा हाका आल्या.

शिवण जुन्या रेषेवर आली तेव्हा त्यांनी अचकन पुन्हा घातली. वरची बटणं लागली. पोटावरचं बटण मात्र काजापासून दोन बोटं लांब राहिलं. त्यांनी श्वास रोखून बघितला, ओढून बघितलं. दोनच बोटं. मागच्या वर्षी वीतभर होतं. मधलं सगळं अंतर त्यांनी स्वतः पळून कापलं होतं, आणि ते आता दाखवायचं तरी कुणाला?

ते गच्चीवर गेले. "यशराज, इकडे ये."

"दादा, पण तुम्हाला तर बसून राहिली ना—"

"नाही बसत."

गणोजींनी स्वतःच्या हातांनी अचकन यशराजच्या अंगावर चढवली, एकेक बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि मोरचेल त्याच्या हातात दिलं. आत्यासाहेबांनी कुशीतल्या ताज्या टाक्यांकडे बघितलं, मग गणोजींकडे. पूजा झाल्यावर आपट्याचं पहिलं पान मात्र त्यांनी गणोजींच्या हातावर ठेवलं.

परतताना गणोजी गाडी चालवत होते. देवास जवळ आलं तेव्हा पद्मानं विचारलं, "उद्या जिमला जाणार?"

"जाणार."

"चहा बिनसाखरेचाच करू ना?"

"कर." गणोजींची नजर रस्त्यावर होती. "फक्त पोट उतरलं का, ते मला सांगू नकोस."

पद्मानं मान हलवली. कोठीतली सुई अजून तिच्या पदराला टोचलेली होती, आणि तिच्यातला किरमिजी दोरा वाऱ्यावर हलत होता.