कोळवणचा तिबोटी खंड्या

"चोच कशी होती?" चंद्रकांतने विचारलं.

"लाल. म्हणजे शेंदरी म्हणा. पूर्ण चोच." आशालता अजून दारातच उभी होती, चप्पलही काढली नव्हती. कोळवणहून भुकूमपर्यंत स्कूटरवर आल्याने तिचे केस पार विस्कटले होते. "डोकं जांभळट, पोट पिवळंधमक. आणि एवढासा हो, चिमणीएवढा. ओढ्यावर उंबराची मुळी आलीये ना, तिच्यावर बसला होता. मी हललेसुद्धा नाही."

"आधी आत ये. पाणी पी."

तिला पाणी नको होतं. "तिबोटी खंड्याच ना तो?"

चंद्रकांत पलंगावर उशीला टेकून बसला होता. दोन दिवस त्याची कंबर धरली होती, म्हणून ती आज एकटी गेली होती. कोळवणच्या लीलाबाईंच्या पायाला विळा लागला होता आणि आशालता एक दिवसाआड जाऊन त्यांची जखम बांधून देत होती. लीलाबाईंचं शेत ओढ्याला लागून होतं. चंद्रकांत तिथे कित्येक वर्षं पक्षी बघायला जात असे.

"पाठीचा रंग?" त्याने विचारलं.

"काळसर निळा. उडाला तेव्हा चकाकला."

"साध्या खंड्याचीही पाठ निळीच असते. आणि त्याच्या मादीची खालची चोच नारिंगी असते. सकाळच्या उन्हात सगळीच लाल दिसते."

आशालताने चप्पल काढली. "साधा खंड्या मी रोज बघते, अहो. तो नव्हता हा."

"मे महिना अर्धाच झालाय. एवढ्या लवकर येत नाही तो." त्याने भिंतीकडे बघत सांगितलं.

पण तिचं ऐकतानाच त्याला कळलं होतं. तो पक्षी दुसरा कुठला असूच शकत नव्हता.

तिबोटी खंड्या बघायला चंद्रकांत दोनदा कोकणात जाऊन आला होता. ताम्हिणीच्या उतारावर तो दिसतो असं लोक सांगत. पण कोळवणच्या खोऱ्यात त्यांच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या कुणालाही तो कधी दिसला नव्हता. लीलाबाईंच्या ओढ्याची, घरट्याचं बीळ कोरायला योग्य अशी मातीची कड बघून चंद्रकांतला नेहमी वाटायचं, इथे तो यायलाच हवा, आणि आला तर आपल्यालाच दिसायला हवा. हे त्याने ग्रुपवर कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त आशालताला सांगितलं होतं.

चंद्रकांतची सगळी नोकरी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये झाली. बीडकडून तो इथे आला तेव्हा भुकूममध्ये संध्याकाळनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे. कारखान्यात नट-बोल्टापलीकडे त्याला कुणी काही विचारलं नाही. रविवारी सकाळी मात्र गळ्यात दुर्बीण घालून तो निघे, आणि हळूहळू त्याच्याभोवती माणसं जमली. आयटीतली पोरं, बँकेतले लोक, दोन डॉक्टर. ते त्याला काका म्हणत. दर वर्षी मेअखेरीस तो ग्रुपसाठी उन्हाळी पाहुण्या पक्ष्यांचं टिपण लिही. कासार आंबोलीत स्वर्गीय नर्तक कुणाला दिसला, नवरंग सगळ्यांत आधी कुणी ऐकला, चातक कधी आला. लोक त्या टिपणाची वाट बघत, आणि त्यात बहुतेक पक्ष्यांपुढे पहिलं नाव चंद्रकांतचंच असे.

आशालता नर्स होती. तिचे रविवार रात्रपाळीनंतरच्या झोपेत गेले. गेल्या दिवाळीत ती निवृत्त झाली तेव्हा त्यानेच आपली जुनी दुर्बीण तिला दिली. पहिले काही आठवडे फार छान गेले. ती विचारायची आणि तो सांगायचा. मग कधीतरी ती न विचारताच ओळखू लागली. तो कॅमेऱ्याशी खटपट करत असताना तिला फांदीआडचा पक्षी दिसलेला असे. एरवी 'सायेब, पिंपळावर कायतरी आलंय' म्हणून त्याला फोन करणाऱ्या लीलाबाई आता आशालताला फोन करू लागल्या. आणि महिन्याभरापूर्वी ग्रुपमधल्या शेखरने एका आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'काका, हे जरा काकूंना ऐकवाल का?'

चंद्रकांतने ते ऐकवलं होतं. तिने ओळखलंही होतं. त्या दिवशी तो तिच्याशी संध्याकाळपर्यंत धड बोलला नव्हता, आणि का बोलत नाही हे तिला कळलं नव्हतं.

आज दुपारी शेखरचा ग्रुपवर निरोप आला. आशालताने वाटेत त्याला फोन केला होता. 'काकूंनी कोळवणला तिबोटी पाहिला म्हणतात! काका, तुम्ही खात्री केली का? पहिली नोंद म्हणायची का?'

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. चंद्रकांतने फोन हातात धरून बराच वेळ विचार केला. खरं तर विचार कसला, काय लिहायचं ते ठरलेलंच होतं. 'खात्री नाही. फोटो नाही. बहुधा साध्या खंड्याची मादी असावी. नोंद धरू नये.'

आशालताचा फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाजला. ती वाचत असणार. ती बाहेर येईल, काहीतरी बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला. ती ताट घेऊन आली.

"कढी गरम आहे, सावकाश," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो उठला. कंबर दुखत होती, तरी वाकून बूट घातले. आशालता कुशीवर झोपलेली होती. त्याने आवाज न करता दार ओढलं, कॅमेरा पाठीवर घेतला आणि स्कूटर काढली. पौड रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या नव्हत्या. पौडवरून कोळवणकडे वळल्यावर खड्ड्यांत स्कूटर आपटत होती आणि प्रत्येक दणक्याला कंबरेतून कळ निघत होती. त्याने वेग कमी केला नाही.

लीलाबाईंच्या घरावरून न जाता तो खालच्या बांधाने ओढ्यात उतरला. ओढ्यात जागोजागी डबकी उरली होती. उंबराची मुळी समोर दिसेल अशा बेताने तो करंजाच्या सावलीत बसला.

फार थांबावं लागलं नाही. टोकदार, बारीक आवाज आला आणि पाण्यावरून एक ठिणगी सरळ रेषेत गेली. मग तो मुळीवर येऊन बसला. शेंदरी चोच, जांभळं डोकं, हळदीसारखं पोट. चोचीत पाल होती. ती त्याने मुळीवर आपटली, एकदा, दोनदा, आणि गिळली. चंद्रकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने फोटो काढले. आशालताने सांगितलेलं सगळं तसंच्या तसं होतं. पाठसुद्धा उडताना चकाकली.

पक्षी गेल्यावरही तो बसून राहिला. वर बांधावर काठीचा आवाज झाला. लीलाबाई पायाचं बँडेज सांभाळत, काठी टेकत येत होत्या.

"सायेब व्हय! मला वाटलं कोन शिरलंय." त्या थांबल्या. "कंबर बरी झाली का?"

"हो, बरी आहे."

"आन् ताई कुटं हायेत?"

"घरी आहे. झोपलीये."

लीलाबाईंनी ओढ्यात खालीवर पाहिलं, जणू आशालता कुठल्यातरी झाडामागे असेल. "मी तर शेळ्या बांधून ठिवल्यात तुमच्यासाठी. सूनबाईला बी सांगितलं, धुणं घिऊन खाली जाऊ नको म्हनून."

"कशासाठी?"

"ताईच म्हनल्या काल. आमच्या ह्यांना त्यो पक्षी बगायची लई दिसाची विच्छा हाय, तवा ओढ्यात कुनाला जाऊ देऊ नका. कंबर बरी झाली की घिऊन येते म्हनल्या." त्या जरा हसल्या. "लई खूश हुत्या काल. बँडेज बांधताना बी तेच बोलत हुत्या. दिसला का मग?"

"दिसला," चंद्रकांत म्हणाला.

"मग झालं. च्या टाकू?"

त्याने नको म्हटलं. तो बांध चढेपर्यंत लीलाबाई तिथेच उभ्या राहिल्या.

कोळवणच्या एसटी थांब्यावर त्याने स्कूटर उभी केली. फोटोंपैकी एक सुरेख आला होता. त्याने तो ग्रुपवर टाकायला घेतला आणि लिहिलं, 'काल आशालताने पाहिलेला'. तिथे थांबला. वर त्याचाच कालचा निरोप दिसत होता. नोंद धरू नये. आज तिचं नाव लिहिलं तर सगळे तो पुन्हा वाचणार. त्याने शब्द पुसले. 'कोळवण, आज सकाळी. तिबोटी खंड्या. या खोऱ्यातली आपली पहिली नोंद.'

फोन थरथरत राहिला. काका, कमाल. काका, मानलं तुम्हाला. डॉक्टरांनी लिहिलं, चिकाटी असावी तर अशी. मग शेखरने विचारलं, 'म्हणजे काल काकूंनी पाहिला तो हाच होता का?'

चंद्रकांतला ऊन लागत होतं. थांब्यावर दोन बायका भाजीची बोचकी घेऊन पौडच्या गाडीची वाट बघत होत्या. त्याने टाइप केलं, 'काल काय दिसलं ते सांगता येत नाही. आजचा नक्की.' आणि फोन खिशात टाकला.

घरी आला तेव्हा आशालता गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"कंबर कशी आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे."

"पोहे केलेत. झाकून ठेवलेत."

तो हात धुऊन बसला. तिने बशी आणून ठेवली, वर खोबरं घातलं, लिंबाची फोड दिली. तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

"फोटो बघितला," ती म्हणाली. "चांगला आलाय."

"मी तुला उठवणार होतो."

"मी जागीच होते. तुम्ही बूट घालत होतात तेव्हापासून."

त्याने घास तोंडात घातला. आशालता समोरच्या खुर्चीत बसली. तिचा आवाज चढला नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची तशी ती बोलत होती.

"काल मला वाईट वाटलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, एवढी वर्षं एकत्र काढून यांचा माझ्या शब्दावर विश्वास नाही. रात्री डोळा लागेना. मग पहाटे तुम्ही उठलात, तेव्हा कळलं की विश्वास आहे. कंबर अशी असताना तुम्ही उगीच कशाला गेला असतात?"

"आशा, तसं नाही."

"असू दे. लिंबू पिळा, नाहीतर घशाखाली उतरणार नाहीत."

ती उठून पुन्हा गॅलरीत गेली. तो पोहे खात बसला. तिने भांडण केलं असतं तर त्याला बोलायला काहीतरी मिळालं असतं.

मे संपता संपता त्याने टिपण लिहायला घेतलं. सुरुवातीलाच त्याने लिहिलं, की कोळवणच्या खोऱ्यात, लीलाबाईंच्या शेताजवळच्या ओढ्यात, तिबोटी खंड्या प्रथम आशालताने पाहिला. तिने केलेलं वर्णन अचूक होतं, ते मला ऐकतानाच कळलं होतं, तरी मी ते नाकारलं आणि दुसऱ्या दिवशी तिला न सांगता जाऊन तिची नोंद स्वतःच्या नावावर लावली. हे वाक्य त्याने अनेकदा खोडून अनेकदा लिहिलं. शेवटी तसंच ठेवून पाठवून दिलं.

ग्रुपवर एकेकाने ते वाचलं. मग शेखरने लिहिलं, 'काकू, अभिनंदन.' त्यामागून बाकीच्यांनीही लिहिलं. आशालताने सगळ्यांना मिळून एकदा जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

"वाचलंस?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"वाचलं. बरं केलंत." ती तांदूळ निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लीलाबाईंच्या शेताचं नाव घालायला नको होतं. आता लोक गाड्या घेऊन जातील तिथे."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने पाठवलेलं टिपण काढून, ते नाव गाळून पुन्हा टाकलं.

त्यानंतरही ती त्याच्याबरोबर जात राहिली. स्कूटरवर मागे बसे, डबा घेई, कंबरेचं औषध घ्यायची आठवण करून देई. ग्रुपमधली मुलं भेटली की त्यांच्याशी हसून बोले. फक्त ती आता पक्षी सांगत नव्हती. त्याने विचारलं तर सांगे, दयाळ आहे, हळद्या आहे, बहुतेक त्याला आधीच दिसलेले. बाकी काय बघते ते तिचं तिच्याजवळ राही. लीलाबाईंकडे ती एसटीने एकटी जाऊन येई. जखम केव्हाच भरली होती.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी दोघं कासार आंबोलीच्या मागच्या रस्त्याने चालले होते. नव्या बंगल्यांची कुंपणं संपल्यावर बांबूचं एक बेट लागतं. आशालता तिथे थांबली. तिने दुर्बीण हळूच डोळ्यांना लावली आणि तिचा चेहरा बदलला. ओठ किंचित उघडले, कपाळावरच्या आठ्या गेल्या.

चंद्रकांतनेही आपली दुर्बीण उचलली. बांबूची पानं, वाळकी कांडी, मागे आभाळाचा तुकडा. त्याने डावीकडून उजवीकडे शोधलं, खाली शोधलं, वर शोधलं.

"काय आहे गं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"काही नाही. बघतेय जरा."

ती हसत होती. दुर्बीण तिने खाली घेतली नाही. चंद्रकांतने आपली खाली घेतली, पट्टा नीट केला आणि आवाज होऊ नये म्हणून वाळक्या पानांवरून बाजूला सरकून, तिचं बघून होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहिला.