आवाज न करणारं जॅकेट

लहानपणी जेवता जेवता ती दहादा उठायची, म्हणून मोठ्या भावाने तिचं नाव भिंगरी ठेवलं. पन्नाशी उलटली तरी ते नाव चिकटलेलंच होतं. इस्पितळात ती एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘हलू नका, श्वास रोखा’ सांगणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग, आणि काचेमागे उभी राहून स्वतः मात्र ती सारखी पाय हलवत असायची.

दादा तिच्या अगदी उलट. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून दर रविवारी डोंगरात जायचा, आणि एखाद्या झुडपासमोर तासभर दगडासारखा बसायचा. पण गेल्या वर्षापासून त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर धुरकट डाग पडायला लागला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. किती लवकर, ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून दादाने दुर्बीण कपाटात टाकली.

“नुसता खिडकीशी बसून असतो गं,” वहिनी फोनवर म्हणाली. “माझे गुडघे धड असते तर मीच नेलं असतं.”

“मी नेते रविवारी,” भिंगरी बोलून गेली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण जन्मात डोंगर चढलेलो नाही आणि घालायला आपल्याकडे काही म्हणजे काही नाही.

मग तिला चैन पडेना. किती लवकर ते सांगता येत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य तिच्या डोक्यात घोंघावत होतं. तिने रात्री फोनवर एक जॅकेट मागवलं, सकाळी ते रद्द केलं, दुपारी दुसरं मागवलं. ते आलं तेव्हा बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. शेवटी ती दादाच्या दारात जाऊन उभी राहिली.

“चल, दुकानात जाऊ. तूच सांग काय घ्यायचं ते.”

“मला दिसतंय कुठे?”

“मग घरी बसून तरी काय दिसणार आहे?”

वहिनीने भिंगरीकडे डोळे वटारले. दादा मात्र उठला आणि चपला शोधायला लागला.

पहिलं दुकान मोठं होतं. भिंतीभर बर्फाच्या शिखरांचे फोटो, आणि जॅकेटांच्या किमती त्या शिखरांएवढ्याच उंच. विक्रेत्याने भिंगरीच्या अंगावर एक लालभडक जॅकेट चढवलं आणि ते कसं वादळात टिकतं हे सांगायला सुरुवात केली. भिंगरी आरशासमोर दोनदा गर्रकन फिरली. घेऊन टाकावं आणि सुटावं, असं तिला झालं होतं.

“हात हलव,” दादा म्हणाला.

तिने हलवला. कुरकुरीत पाकीट फोडावं तसा आवाज झाला.

“हे घालून तू आलीस तर पक्षी पलीकडच्या डोंगरावर राहायला जातील. आणि रंग कुठला?”

“लाल.”

“छान. म्हणजे बहिऱ्या पक्ष्यांचीही सोय झाली.”

विक्रेता हसला, पण जॅकेट काढून घेताना त्याचं तोंड उतरलं होतं.

दुसरं दुकान मालधक्क्यामागच्या गल्लीत होतं. पहारेकरी, टपालवाले, शीतगृहातले हमाल असे उघड्यावर आणि गारठ्यात राबणारे लोक तिथून कपडे घ्यायचे. आत फोटो नव्हते, आरसासुद्धा एकच, तोही तडकलेला. कपड्यांचे नुसते ढीग. दुकानदारीण काउंटरमागे स्वेटर विणत बसली होती. “काय हवं ते उपसून बघा, फक्त घडी तुम्हीच घाला,” एवढंच ती म्हणाली.

दादा ढिगांमध्ये शिरला आणि कपडे कानाशी नेऊन चोळायला लागला. एक बाही चोळली, टाकली. दुसरी चोळली, टाकली. भिंगरी अवघडून इकडेतिकडे बघत होती. दुकानदारणीच्या सुया थांबल्या.

“कपड्यांशी बोलतायत का ते?”

“त्यांचं ऐकतोय,” दादा म्हणाला. “भिंगरे, हे घे.”

शेवाळी रंगाचं, मऊ, वारा अडवणारं जॅकेट होतं ते. पहारेकऱ्यांच्या मोठ्या मागणीतलं उरलेलं. छातीवर बिल्ला उसवल्याची खूण होती, म्हणून स्वस्त.

“वॉटरप्रूफ आहे का?” भिंगरीने विचारलं.

“भुरभुर सोसेल. मुसळधार आलं तर आपण खालीच बसू. आता दुर्बीण धरल्यासारखे हात वर कर. मनगटं उघडी पडतात का? पोटाशी वर सरकतं का? नाही? मग झालं.”

आत घालायला त्याने लोकरीचा एक जुना स्वेटर काढला, आणि त्याच्याही आत, अंगालगत, घाम लवकर वाळवणारा पातळ बनियन. “सुती नको. सुती भिजलं की भिजतच राहतं, आणि तू थांबलीस की हुडहुडी भरते.”

“मी थांबतेच कुठे?”

“पक्षी बघायचे तर थांबावं लागतं, बाईसाहेब.”

पँटसाठी त्याने तिला दुकानातल्या स्टुलावर चढायला लावलं, उकिडवं बसायला लावलं. तीन पँट गुडघ्याशी अडल्या, चौथी अडली नाही. बुटांपाशी मात्र दादाने हात सैल सोडला. “बाकी सगळं जुनंपानं चालेल. बूट नवे घ्यायचे आणि चांगले घ्यायचे. जाड मोजे घालूनच मापाला बघायचे. उतरताना अंगठा पुढे आपटला, की सगळा डोंगर नकोसा होतो.” सगळं मिळून पहिल्या दुकानातल्या त्या लाल जॅकेटाएवढंही बिल झालं नाही. भिंगरी एवढी खूश झाली, की घड्या न घालताच निघाली आणि दुकानदारणीची हाक ऐकून परत आली.

रविवारी पहाटेच्या बसने ते डोंगराच्या पायथ्याशी उतरले. दादानेही तसलेच मळकट रंगाचे जुने कपडे घातले होते. पायवाट त्याच्या पायांना पाठ होती. तो चढत होता आणि ऐकत होता. भिंगरी कधी पुढे, कधी मागे. पठारावर पोचल्यावर तो एका खडकावर बसला.

“झुडपात काहीतरी आहे. बघ, काय आहे?”

तिने गळ्यात अडकवलेली त्याची दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी आभाळ दिसलं, मग तिचा स्वतःचा बूट, मग एकदाचं झुडूप. “छोटासा आहे. तपकिरी.”

“तपकिरी तर अर्धं जग आहे. भुवई आहे का पांढरी? शेपूट वर की खाली?”

“उडाला.”

“तू पाय हलवत होतीस. इतकं साधं जमत नाही तुला?”

“मग आण कुणाला तरी भाड्याने!” भिंगरीचा पारा चढला. “मी माझी सुट्टी घालवून आलेय. रात्रभर झोप नाही मला. आणि तू...” पुढचं तिने गिळलं. “बस तू इथे. मी जरा वर जाऊन बघते.”

ती तरातरा निघाली. रागाच्या भरात किती वर आलो हे तिला कळलं नाही. मागे वळली तेव्हा खालची दरी पुसली गेली होती. धुकं वर सरकत होतं, बघता बघता ते तिच्या अंगावरून गेलं, आणि हाताच्या अंतरापलीकडे काही उरलं नाही.

ती धावतच खाली आली. खडकापाशी दादा नव्हता. हाच का तो खडक? शेजारचा? इथे तर सगळे खडक सारखेच. ती एकाकडून दुसऱ्याकडे पळाली. दादा म्हणून ज्याच्याजवळ जावं ते झुडूपच निघे. कुणाच्या नजरेत भरू नयेत, कुणाला ऐकू येऊ नयेत असेच कपडे दोघांनी निवडून निवडून घातले होते, आणि आता त्याच कपड्यांतला तिचा भाऊ या राखाडी अंधारात कुठेतरी होता. त्याला अर्धं दिसत नव्हतं, आणि पठाराच्या एका बाजूला सरळ कडा होता.

“दादा! दादाऽऽ!” ती ओरडत होती, पळत होती, ठेचकाळत होती. शेवटी दम संपला. गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली. ओरडायला छातीत श्वास उरला नव्हता.

तेव्हा डावीकडून, अगदी जवळून आवाज आला. “भिंगरे. इकडे. किती वेळ हाका मारतोय मी. तू ऐकशील तर ना!”

दादा जागचा हलला नव्हता. तीच चुकून पलीकडच्या खडकांत गेली होती. ती त्याच्याजवळ धपकन बसली आणि तिला रडू कोसळलं. दादाने चाचपून तिचा हात धरला. त्याचा हात गार पडला होता.

“घाबरलास?”

“मग काय! मला वाटलं तू कड्याकडे गेलीस. पण एक सांगू? धुकं आलं तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, आता सगळ्यांनाच दिसत नाहीये.”

भिंगरीने थर्मासमधला चहा ओतला आणि कप त्याच्या हातात नीट दिला. घाम वाळला, स्वेटर उबदार होता. धुक्याच्या वर, उन्हात कुठेतरी, एक चंडोल गायला लागला. न थांबता, न दम घेता.

“कुठेय?” दादाने विचारलं.

“दिसत नाही रे मला.”

“मलाही नाही,” तो म्हणाला, आणि हसला. ते गाणं संपेपर्यंत दोघं बसून राहिले. भिंगरीचा एक पाय हलत होता, पण तेवढ्याने चंडोलाचं काही बिघडत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी इस्पितळातली ड्यूटी संपल्यावर ती पुन्हा मालधक्क्यामागे गेली आणि रस्त्यावरचे कामगार घालतात ती दोन भगभगीत नारिंगी जाकिटं आणि दोन शिट्ट्या घेऊन आली. दादाने भांडण काढलं. पक्षी काय म्हणतील, इथपासून सुरुवात झाली. शेवटी वहिनी मध्ये पडली. नारिंगी जाकिटं पिशवीत राहतील, धुकं दिसलं की अंगावर चढतील, असं ठरलं.

त्यानंतर ते बहुतेक रविवारी जातात. दादाचा डाग वाढला आहे. उतारावर तो भिंगरीच्या पाठपिशवीचा पट्टा धरून चालतो, आणि ती पळायला लागली की पट्टा मागे ओढतो. भिंगरीला आता पांढरी भुवई दिसते, निदान अधूनमधून. घरी आल्यावर वहिनी विचारते, आज काय काय भेटलं? दोघं एकदम बोलायला लागतात, आणि त्यांची उत्तरं अजून एकदाही जुळलेली नाहीत.