हापशी कोणत्या गटात?

मंगळवारी सकाळी साडेनऊला निंबोळवस्तीची हापशी बंद पडली. गुरुवारी झुंबरबाईंच्या नातीची हळद होती, आणि दुसरं पाणी होतं थेट नदीकाठच्या विहिरीला.

ब्याण्णव साल, निवडणूक तोंडावर. तालुक्याच्या हापशींच्या यादीत प्रत्येक हापशीपुढे तिचा मतदारगट लिहायचं नुकतंच ठरलं होतं. गट लिहिल्याशिवाय दुरुस्तीची जीप निघत नव्हती. म्हणून दुपारी कारकून झुलाल पाटील नकाशा घेऊन वस्तीवर आले. नकाशात पूर्व आणि पश्चिम गटांची हद्द शिवेच्या दगडावरून जात होती. दगड सापडला, हापशीच्या पश्चिमेला, शेंदूर फासलेला.

"म्हणजे हापशी पूर्व गटात," झुलाल म्हणाले. "पूर्वेच्या वाट्याचे पाइप संपलेत. पश्चिमेचे आहेत."

"हाऊ दगड पहिले नाल्यापलीकडे व्हता," झुंबरबाई म्हणाल्या. "देवले रोज पानी कोन वाही तठे? म्हनीसन आम्हीच आठे लई उनूत."

झुलालांनी नकाशा पाहिला, बायकांनीच उचलून इथे आणलेला देव पाहिला. "नकाशात दगड लिहिलाय. दगड असेल तिथे हद्द."

झुंबरबाईंना एवढंच ऐकायचं होतं. चार बायकांनी नारळ फोडून देव उचलला आणि पूर्वेला निघाल्या. देवाला उन्हात कसं ठेवायचं? म्हणून पुना आबांच्या घरामागच्या निंबाखाली ठेवला. हापशी पश्चिम गटात गेली. तिच्याबरोबर पुना आबांचं घरही गेलं.

पुना आबा पूर्व गटातून उभे होते. ते बंडी घालत धावत आले.

"झुंबर अक्का, मनं मत मालेच देता येनार नही!"

"मंग एक मत कमी पडी, आबा. मना घर बठ्ठा पाहुना येतीन, त्यासले काय पाजू?"

बुधवारी सकाळी बायका विहिरीवर गेल्या असताना आबांनी देव बैलगाडीत घालून परत पश्चिमेला नेला. दहा वाजता जीप आली, झुलालही तिच्यातून उतरले. मिस्तरी चांद यांनी दगड पाहिला, कागदावरचं 'पश्चिम' पाहिलं, जीप माघारी वळवली. झुंबरबाई डोक्यावरचा हंडा तसाच ठेवून जीपपुढे उभ्या राहिल्या.

"थांब रे भाऊ. देव फिरायले गया व्हता."

हंडा उतरवून त्यांनी बायकांच्या मदतीने दगड उचलून आणला. आबा निंबाखाली जागा अडवून आडवे झाले होते, म्हणून त्या दगड मांडीवर घेऊन हापशीच्या ओट्यावर बसल्या, दांड्याच्या पूर्वेला.

"आता देव कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मांडीवर," झुलाल म्हणाले. यादीत त्यांनी पेन्सिलने पुन्हा 'पश्चिम' लिहिलं.

"मावशी, जरा सरका. पाना फिरत नाही," चांद म्हणाले.

"कोनती बाजूले?"

यावर झुलाल आणि निंबाखालून उठून आलेले आबा एकदमच बोलले, वेगवेगळ्या दिशा सांगत.

बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत पहिला पाइप बाहेर आला होता. झुंबरबाई ओट्यावरच होत्या. पाणी अजून आलेलं नव्हतं.