फ्रीजवरचा बुधवार

हौगांगच्या त्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर कॅलेंडर होतं, आणि त्यात सणावारांपेक्षा मुकुलच्या मॅचेस जास्त. म्युनिकच्या फुटबॉल संघाची एकेक मॅच तो अकरा वर्षं सिंगापूरच्या घड्याळाने लिहीत आला होता. बुधवार, पहाटे पावणेचार. मग लाल जर्सी चढवून, टीव्हीचा आवाज बंद ठेवून अंधारात एकटाच बसायचा. दमयंतीला त्या पाठमोऱ्या बसण्याची फार माया. म्हणूनच जुरोंग आयलंडवरच्या त्याच्या प्लांटमध्ये शटडाउनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्तीचं, काम निघालं आणि नवऱ्याला जेवायलाही सवड उरेना, तेव्हा त्याच्या पहिल्यावहिल्या म्युनिकच्या प्रवासाची बुकिंगं तिने केली. कॅलेंडर बघून केली. मंगळवारी रात्री विमान, बुधवारी सकाळी म्युनिक, रात्री मॅच.

शनिवारी दुपारी मॅचचं तिकीट पोस्टाने आलं. देवापुढे ठेवायला तिने ते उचललं, आणि हात तिथेच थबकला. तिकिटावर तारीख चोवीस. चोवीस म्हणजे मंगळवार.

"छापताना चुकले असतील," ती पुटपुटली.

दहा वर्षांच्या इराने गृहपाठातून मान वर केली. "आई, आपली बुधवारची पहाट म्हणजे तिकडे मंगळवारची रात्र. स्टिल ट्यूसडे देअर, ला."

दमयंती खुर्चीवर बसली. तिकडे स्टेडियम गर्जत असेल तेव्हा हा विमानात असणार. ना तिथे, ना इथल्या सोफ्यावर.

मुकुलला विचारायची सोय नव्हती. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये राहतो. कंपनीची बस साडेसातला येणार. तिने विमान कंपनीला फोन लावला. सोमवारी रात्रीची एक जागा होती, पण सहापर्यंतच धरून ठेवू म्हणाले. तारीख बदलायला ते सांगत होते तेवढे पैसे शिल्लक नव्हते. म्युनिकमधल्या आठजणांच्या खोलीत एक खाट घेतली होती, तिचं तीन रात्रींचं भाडं बरोब्बर तेवढंच, आणि खाट रद्द केली तर ते परत मिळणार होतं. त्या खाटेसाठी मुकुल तीन महिने खायला हॉकर सेंटरकडे न फिरकता डबा नेत होता.

मग व्हिसाची आठवण झाली. पासपोर्टची पानं तिने चुकीच्या टोकापासून उलटली. व्हिसा चोवीसपासून होता. प्रवासाचा पहिला दिवस म्हणून अर्जात तिने तो घरातून निघेल तो दिवस लिहिला होता. सोमवारी रात्री निघाला तर मंगळवारी सकाळी उतरेल. चालेल.

पावणेसहा झाले. खाट की मॅच, हे त्याच्या वतीने ठरवायची तिची काय बिशाद? सहाला पाच मिनिटं असताना तिने खाट रद्द केली आणि जागा घेतली. घेतल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जीव जास्तच टांगणीला लागला. फेब्रुवारीच्या थंडीत माणसाच्या पाठीखालची खाटच तिने काढून घेतली होती.

साडेसातला ती बसथांब्यावर उभी. मुकुल उतरला, कपाळावर हेल्मेटचा वळ. तिने तिथेच सगळं सांगून टाकलं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. त्याने बोटांवर वार मोजले. मग पुन्हा मोजले.

"म्हणजे परवाच निघायचं?"

"हो."

"आणि झोपायचं कुठे?"

"कुठेच नाही."

दोघं घराकडे निघाली. लिफ्टपाशी आल्यावर तो म्हणाला, "मॅचनंतर मला झोप लागलीय कधी? अकरा वर्षांत?"

"ती एक रात्र झाली. पुढच्या तीन?"

"विमानतळावर बाकं असतील की."

तो हसत होता. तिला हसू येईना.

सोमवारी तिने दुधातल्या दशम्या केल्या. भाजता भाजता ओठांवर आपसूक ओवी आली, आजवर कुणी न म्हटलेली :

*दूर देशी जातो सखा, संगे दशम्यांचा भार*
*माझ्या जिवाला लागला, त्याच्या थंडीचा गं घोर*

बॅगेत दशम्यांवर लोकरीचे मोजे, मोज्यांवर कानटोपी. मुकुलने कानटोपी बाहेर काढली, तिने ती परत कोंबली.

टॅक्सी गेली. वर येऊन तिने फ्रीजवरच्या बुधवारखाली बारीक अक्षरात लिहिलं : म्युनिक, उणे तीन अंश. त्या पहाटेचा, पावणेचारचा गजर लावला. मॅचमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढ्या हजारो माणसांवरून कॅमेरा फिरेलच कधीतरी, आणि त्याने कान झाकलेत का, तेवढं तिला बघायचं होतं.